माझ्या बाजूचा ब्रेक

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाले, मनातलं बाहेर काढत जा, फक्त टीव्हीसमोर काढू नका. बीपी वाढतं. म्हणून इथे.
आपल्या पुरुष फुटबॉल संघाच्या वर्ल्ड कप पात्रतेच्या तीन मॅच उरल्यात. तिन्ही जिंकलो की आपण आत. पेपरवाले म्हणतात, अशक्य. पेपरवाल्यांना काय जातंय म्हणायला. मी आहे ना.
संकल्प: ओरडायचं नाही. रेफरीच्या घरच्यांचा उद्धार करायचा नाही. सोफ्याची डावी बाजू सोडायची नाही. जर्सी तीच.

६ मार्च, गुरुवार
०-२.
कारण सापडलं. जर्सी धुतली गेली! मागच्या वर्षी जिंकलो त्या दिवसापासून तिला पाणी लागू दिलं नव्हतं. बायकोचं म्हणणं, ती जर्सी कपाटातून आपल्या पायांनी बाहेर यायला लागली होती. मी उत्तर दिलं नाही. संकल्प आहे.
त्याच वेळी बायको आणि मुलगी आतल्या खोलीत मोबाइलवर महिला संघाची मॅच बघत होत्या. कसलासा कप चालू आहे त्यांचा. मोठ्या चॅनेलवर दाखवतसुद्धा नाहीत. इकडे माझा जीव टांगणीला आणि आतून दर थोड्या वेळाने किंचाळ्या. ३-० जिंकल्या म्हणे. मी विचारलं नव्हतं.

७ मार्च, शुक्रवार
झोप नाही. सकाळी मी शिकवतो त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बँकेतल्या कॅशियरबाईंचा क्लास. दोनदा टेस्ट नापास झाल्यात. त्या स्टिअरिंगवर, मी शेजारी, माझ्या पायाशी मास्तरांचा वेगळा ब्रेक. लांब कुठे सायकल दिसली तरी माझा पाय आधी जातो. टीव्हीसमोरही जातो. सोफ्यापुढची चटई नेमकी तिथेच फाटलीये.
गाडीतच उलगडा झाला. एका घराला नशीब ठरावीकच असतं, टाकीतल्या पाण्यासारखं. आतल्या खोलीत दोघींनी नळ सोडून ठेवला, तर हॉलमध्ये धार येणार कुठून?
घरी येऊन बायकोला समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि बीपीची गोळी घेतली का म्हणून विचारलं.

१३ मार्च, गुरुवार
आज दोघींना हॉलमध्ये बसवलं. नळ एकच. बायको मटार सोलत होती. आपला स्ट्रायकर पडला, चार कोलांट्या खाल्ल्या. बायको म्हणाली की अहो, हा दगावणार, कुणीतरी घरच्यांना कळवा. मी म्हटलं, टॅक्टिक्स आहे. तिने सांगितलं की महिला संघाच्या गोलकीपरचं बोट मोडलंय, ती पट्टी बांधून खेळतेय. मी म्हटलं, त्यांच्यावर दडपण नसतं ना, बघतंय कोण?
दोघींनीही माझ्याकडे बघितलं. 
हाफटाइमला ०-१. दुसरा हाफ सुरू झाल्यावर मी बाथरूमला गेलो आणि हॉलमध्ये एकच जल्लोष. गोल! पळत येऊन डावीकडे बसलो. मग आपल्याला पेनल्टी मिळाली. मी श्वास रोखला, पाय दाबला. बॉल प्रेक्षकांत.
१-१. मुलगी म्हणाली की बाबा, तू आत गेलास तेव्हाच गोल झाला. योगायोग असतो, हे मी तिला समजावून सांगितलं. सायन्सला आहे, पण साध्या गोष्टी कळत नाहीत.
आता बाकीचे निकाल जुळून आले तरी शेवटची मॅच पाच गोलने जिंकावी लागेल. कठीण आहे. मनावर घेतलं तर होईल.

१६ मार्च, रविवार
महिला संघाची सेमीफायनल. अभ्यास म्हणून बसलो, बाकी काही नाही.
खरं लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. बरं खेळतात. पडल्या की उठतात. रेफरीशी भांडत बसत नाहीत. ती गोलकीपर पट्टीच्या हाताने असा काही बॉल अडवते की माझ्याच बोटात कळ आली. मी बसलो तेव्हा २-० होतं. जरा सरसावून बसलो तर २-१. आणखी पुढे सरकलो, २-२.
मग मुलगी म्हणाली की बाबा, जरा दूध आणतोस का? फ्रिजमध्ये दोन पिशव्या होत्या, मीच ठेवल्या होत्या. तसं सांगितलंही. बायको म्हणाली की अहो, तिसरी आणा.
दुकानात पोहोचतोय तोच आख्खी गल्ली ओरडली. ३-२. फायनल.
परत येताना जिन्यात वरच्या मजल्यावरचे डेंटिस्ट भेटले. त्यांनी विचारलं की मॅच बघत नव्हतात का? म्हटलं, दूध. ते म्हणाले की असंच आणत जा. म्हणजे आमच्या घरातून वरपर्यंत बातमी गेलेली आहे.

१७ मार्च, सोमवार
आज माझी रजा होती. कॅशियरबाईंच्या टेस्टला दुसरे मास्तर गेले. त्या पास झाल्या.
फोन करून आभार मानले त्यांनी. वर हसत हसत म्हणाल्या की सर, आज पहिल्यांदाच गाडी मध्येच थांबली नाही.
जेवण गेलं नाही.

१८ मार्च, मंगळवार
लिहून टाकतो. मीच तो. पनवती. पांढऱ्या पायाचा. इतकी वर्षं जर्सीला, गवताला, रेफरीला दोष दिला. दर मॅचला छाती फुटेपर्यंत ज्यांच्यासाठी बसलो, त्यांना मीच बुडवलं. ढसाढसा रडलो, बाथरूमचा नळ सोडून.
मग तोंड धुताना आरशात बघितलं. अकरा खेळाडू, कोच, एवढं मोठं स्टेडियम, आणि या सगळ्यांना एकटा पुरून उरणारा हा माणूस. म्हणजे वाईट वाटायचं ते वाटलंच. पण लहानसहान काम नाही हे.
संकल्प: त्याग.

२२ मार्च, शनिवार
महिला फायनल. दुपारीच घोषणा केली की मी खाली ट्रेनिंगच्या गाडीत बसेन. मोबाइल घरी ठेवेन. माझी अपेक्षा होती, कुणीतरी नको म्हणेल. मुलीने गाडीची किल्ली आणून दिली.
काचा वर करून बसलो. सवयीने शेजारच्याच सीटवर. वाटलं होतं, आरामात पडून राहू. कसलं काय! त्या गोलकीपरचं बोट डोळ्यांपुढून हलेना. पट्टी नीट बांधली असेल का? हरल्या तर? मी पुरुष संघासाठीही असा कधी तळमळलो नव्हतो, आणि हे कळलं ते त्यांच्याकडे बघायची बंदी असताना. देवा, त्यांना जिंकू दे, मी पुन्हा कधीही बघणार नाही, असं मोठ्याने म्हणालो. बाहेरून जाणारा एक माणूस दचकला.
मग बिल्डिंग हादरली. डेंटिस्ट जिन्यातून धावत आले, बॉनेटवर थापा मारल्या. १-० जिंकल्या! मी त्यांना मिठी मारली. आमचं तसं बोलणंही नसतं.
वर जाऊन बायकोला म्हटलं, मी जिंकवलं. ती हसून म्हणाली की हो, तुम्हीच. मनापासून म्हणाली.

२५ मार्च, मंगळवार
पुरुष संघाची शेवटची मॅच. पाच गोल हवेत. पुन्हा गाडीत. या वेळी पाण्याची बाटली घेतली, जर्सीची घडी घालून डिकीत ठेवली. कसलीही कसर सोडली नाही.
गल्लीत चिडीचूप. चांगली खूण. लोक श्वास रोखून बघतायत. बराच वेळ गेला, तरी आवाज नाही. डेंटिस्ट कुत्र्याला फिरवायला बाहेर पडले. हाफटाइम असेल, म्हटलं. ते परत आले. मग दिवे लागले, भांड्यांचे आवाज यायला लागले.
वर गेलो. टीव्ही बंद. बायको आणि मुलगी महिला संघाच्या स्वागताची मिरवणूक बघून मागच्या फाटकाने नुकत्याच आल्या होत्या. मॅच कुणीच लावली नव्हती. मुलीने मोबाइलवर बघून सांगितलं. ०-५.
पाचाचा आकडा बरोबर आला, एवढंच.
मी म्हटलं, पण मी बघत नव्हतो! मी खाली होतो! दोनदा म्हटलं. मुलगी माझ्या शेजारी बसली. म्हणाली की बाबा, ते तू जन्मायच्या आधीही हरायचे. आणि या मुली तू बघत नव्हतास तेव्हाही जिंकत होत्या. तुझ्यामुळे काही होत नाही रे.
धीर द्यायला म्हणाली बिचारी.

२६ मार्च, बुधवार
पनवती होतो तेव्हा निदान कुणीतरी होतो.
मुलगी म्हणाली की पुढच्या महिन्यात महिला संघाची मैत्रीपूर्ण मॅच आहे, आमच्याबरोबर बस, काही फरक पडत नाही. हो म्हटलं.
काल गाडीतून उतरताना उजवी पोटरी आखडली होती. मॅचभर ब्रेक दाबून बसलो होतो. गाडी बंद होती. हँडब्रेकही ओढलेला होता.