फोनच्या कार्डाची पिक

चाचा,

परवा पुण्यात आमचा कार्यक्रम झाला. नंतर एकाने विचारलं, तुम्ही मँडोलिनवर वाजवता ते ब्लूग्रास म्हणायचं की जॅझ? मी म्हटलं, खमीस मुशैत. त्याला वाटलं मी थट्टा करतोय, तो हसला, आणि मी तिथेच भांडायला उभा राहिलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझं डोकं मात्र तसंच आहे.

कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं ते तिच्यामुळे. तिच्या वडिलांची नोकरी सौदीत कतीफला, त्यांनी तिला तिकडे नेलं आणि मी एजंटला गाठून वायरमनचा व्हिसा काढला. नकाशात एकच देश दिसत होता. उतरलो खमीस मुशैतला, मध्ये अख्खं वाळवंट. कँपातल्या खोलीत वरच्या खाटेवर मी, खालच्या खाटेवर तुम्ही. संध्याकाळी तुम्ही दाराच्या फटीला टॉवेल लावून मँडोलिन काढता, आणि तिच्याशी बोलून संपलेलं फोनचं कार्ड मी भिंतीवर भिरकावतो. तुम्ही ते उचलता, कात्रीने त्याची तार छेडायची पिक कापता. "फेकतोस काय? तुझ्या आशिकीवर माझं वाजवणं चाललंय, पोरा."

मुरूडकडच्या लग्नांत बँडबरोबर वाजवणारे तुम्ही. इथे एसी मेकॅनिक झालात, पुढे कंपनीचं स्टोअर सांभाळलंत. एका अमेरिकन इंजिनियरच्या घरी एसी दुरुस्त करताना भिंतीवर मँडोलिन दिसलं आणि त्याने त्याच्या डोंगरातलं ब्लूग्रास तुम्हाला दिलं. हॉस्पिटलातल्या फिलिपिनो गिटारवाल्याने जॅझ दिलं. दर गुरुवारी इंजिनियरच्या कंपाउंडमध्ये, त्याच्या घरी, तुम्ही तिघं वाजवत होतात. ब्लूग्रासला ड्रम नाही. मँडोलिनवाला पिक मारून लगेच बोटं सैल सोडतो, सूर निघायच्या आत मरतो आणि नुसता ठोका उरतो. तो ठोका कायम तुमच्याकडे, त्यामुळे दोन्ही मिसळून बांधलेली तुमची स्वतःची चाल कधी पुरती वाजलीच नव्हती. मला तिला फोनवर ऐकवायला एखादं गाणं हवं होतं, तुम्ही महिनोन्‌महिने माझ्याकडून ठोकाच घोटून घेतलात. मी चिडलो की म्हणायचात, "आधी दुसऱ्याचं गाणं पडू न देणं शीक. तुझं गाणं काय, ती लग्नानंतर ऐकेलच."

मग सौदीकरणात स्टोअरची जागा एका सौदी मुलाला मिळाली. तुम्ही त्याला चहा पाजून काम शिकवत होतात. मी फणफणत आलो, "चाचा, तो तुमची खुर्ची घेतोय." तुम्ही म्हणालात, "खुर्ची त्याच्याच देशातली रे. मी गरम करून ठेवली इतकंच."

तुमचा फायनल एक्झिट लागला, कायमचं घरी परतायचा शिक्का. शेवटचा गुरुवार ठरला: ठोका मी धरायचा, तुम्ही तुमची चाल पुरी वाजवायची. आणि शुक्रवारी कतीफला तिचा दुसऱ्याशी साखरपुडा. मी जाहीर केलं, कफीलचा, म्हणजे मालकाचा, प्रवासाचा कागद नसला तरी गुरुवारी दुपारच्या बसने निघणार.

"आणि रस्त्यात पकडलं तर?"

"पकडू देत."

तुम्ही तारा पुसत राहिलात. "बरं, जा. वाटेत खायला खजूर ने."

गुरुवारी संध्याकाळी मी कंपाउंडमध्ये हजर. तुम्ही इंजिनियरच्या भिंतीवरचं मँडोलिन काढून माझ्या हातात दिलंत. माझा ठोका रागाने पळायला लागला. तुमचा अनवाणी पाय माझ्या पायावर आला आणि लय बसेपर्यंत दाबून राहिला. मग तुम्ही सुटलात. लग्नातला बँड, अमेरिकन डोंगर, फिलिपिनो गिटारीचे वाकडे सूर, सगळं एका दमात. इंजिनियर आपली पाळी आली तरी बँजो मांडीवर ठेवून बघत बसला. मी सूर न काढता ते सगळं खाली पडू दिलं नाही. आजवर याच्यापेक्षा चांगलं मी काही वाजवलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही साऱ्या कँपला सांगत सुटलात, "पोराने माझ्यासाठी बस सोडली." मुरूडला गेल्यावरही सांगायचात, तुमची लेक म्हणाली.

चाचा, बस मी तुमच्यासाठी सोडली नव्हती. बुधवारीच ती फोनवर म्हणाली होती, "येऊ नकोस. मला हे लग्न करायचंय." पुढच्या फोनसाठी आणलेलं नवं कार्ड खिशातच राहिलं. शुक्रवारी सकाळी ते मी न वापरताच तुमच्यासमोर टाकलं, नंबरवरची पट्टी न खरवडता. तुम्ही ते उलटसुलट पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि कात्री मागितलीत.

ती पिक माझ्याकडे आहे. चंदेरी पट्टी अजून तिच्यावर तशीच आहे.