फुलांचं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

अण्णा गेल्यापासून आईने त्यांचं नावही काढलं नव्हतं. आज दुपारी अचानक म्हणाली, "ते फुलांचं पाणी आण." म्हणजे अण्णा रोज तिच्यासाठी करायचे तो चिनी चहा, जाईच्या वासाचा. त्याचं खरं नाव कधी विचारलंच नाही मी. का नाही विचारलं? कोपऱ्यावरच्या दुकानात मागितला तर, "चायनीज? मसाला हाय की, नूडल्स बी हायत!" शेवटी गणपती पेठेतल्या म्हाताऱ्या शेठजींनी एक डबा उघडून पुढे धरला. जाई. तोच वास.

घरी करून भीत भीत कप दिला. आईने घोट घेतला. "कडू न्हाई झाला," म्हणाली. "तुझ्या बापाला कवा जमला न्हाई." आणि हसली.

चला, आई अण्णांना पुन्हा नावं ठेवू लागली.