चाफ्याखालचा दगड

भाकऱ्या टोपलीत झाकून ठेवल्या आहेत. आमटी गरम करून घ्या. मी टोकावड्याला आईकडे जाते आहे.

परसात तुम्ही हौसेने घातलेली वीतभर रुंदीची खेळण्यातली रेल्वे चाफ्याखाली तुटलेली दिसेल. ती मी उखडली. रूळ, लाकडी पट्ट्या आणि खिळे ओसरीवर ठेवले आहेत. पुलाखाली लावलेला सपाट दगड मात्र होता तिथे परत नेला आहे.

ती आपल्या मुलीची जागा आहे. तान्हे मूल जाळत नाहीत, पुरतात. ती गेली तेव्हा तुम्ही कसाऱ्याला कामावर होता. सावळारामभावोजींनी खड्डा केला आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर तो दगड ठेवला. तुम्ही घरी आलात, जेवलात, आणि तिला कुठे ठेवले हे आजवर विचारले नाहीत.

परवा दगड उचलताना तुम्ही खुशीत होता. "असा सपाट दगड अख्ख्या शिवारात मिळायचा नाय!" भावोजी धावत माझ्याकडे आले. "वयनी, दादाला सांगू काय गो?" मीच नको म्हटले. हा इथे कुणी आणून ठेवला, एवढे तरी विचाराल असे वाटले होते. तुम्ही त्यावर पूल डुगडुगतो का, ते पाहिलेत.

रूळ पुन्हा घालाल तेव्हा विहिरीकडून वळवा. तिकडे जागा आहे.

मला न्यायला येऊ नका. बारसे झाले नव्हते, तरी मी तिला नाव ठेवले होते. तेही तुम्ही विचारले नाहीत, म्हणून इथे लिहीत नाही.