नक्कल ठेवली नाही

२ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. बसमध्ये शेजारचा माणूस माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता, त्यामुळे मान आखडलीय, बाकी मजेत. खोली दुकानाच्या वरच आहे. लोखंडी कॉट, एक खुर्ची, खिडकी उघडली की समोरच्या भिंतीवरचे पाइप. नळ सोडला की आधी खाकरतो, मग पाणी देतो. मला आवडली. दुकानावर पाटी आहे, 'जुने गेम चालू करून मिळतील'. एका बाजूला किल्ल्या करणारा, दुसऱ्या बाजूला कायमचं बंद शटर. मालक जाडजूड, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. मी आल्या आल्या खुर्च्या हलवल्या, वायरी गुंडाळल्या, पंखा पुसला, तर म्हणाले, अरे तू माणूस आहेस की वावटळ? तेव्हापासून नाव वावटळच.

आईला फोन केला. पोचलास का, जेवलास का, भांडलास का कुणाशी, सगळं एका दमात. तिला मी एकटाच, त्यामुळे सगळे प्रश्न माझ्याच वाट्याला. तिचं म्हणणं, माझ्या पायाला भिंगरी आहे. शाळेत टिकलो नाही, टायरच्या दुकानात टिकलो नाही, आता निदान इथे तरी टीक. ही वही तिनेच बॅगेत घातली. रोज चार ओळी लिही, तेवढा वेळ तरी एका जागी बसशील, म्हणाली. बसलोय बघ आई.

५ नोव्हेंबर

काम कळायला लागलं. लोक जुने गेम घेऊन येतात, लहानपणी खेळलेले, थोरल्या भावाने मागे ठेवलेले. नव्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, घातले की धाडकन बंद. मालक म्हणतात, गेमचा दोष नसतो. त्याला वाटतं मशीनला एकच डोकं असतं, आणि नव्या मशीनला असतात आठ. कुणाचं ऐकू तेच त्याला कळत नाही. मग आपण सात डोकी झोपवायची. कुणाला कमी रंग लागतात, रंग कमी करायचे. गाड्यांचा एक गेम आला होता, तो मशीनच्या वेगावर पळायचा. नव्यावर बटण दाबायच्या आत गाडी भिंतीत. मशीनला दम धरायला लावला तेव्हा कुठे रस्ता दिसला. थोडक्यात, गेमला गोड खोटं सांगायचं की बाबा रे, काही बदललेलं नाही, सगळं तसंच आहे. मला हे पटकन जमलं. मालक म्हणाले, खोटं बोलण्यात हात बसलेला दिसतोय तुझा.

नियम मात्र एकच. आधी नक्कल, मग हात. गिऱ्हाइकाच्या फायलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. ती डिस्क म्हातारी आहे, रडत रडत चालते. तेवढा वेळ नुसतं बसून राहायचं म्हणजे माझ्या अंगाला मुंग्या येतात.

९ नोव्हेंबर

आज शिवणवाल्या मावशी आल्या. गळ्यात टेप, बाहीला टाचण्या टोचलेल्या, आणि कापडाच्या पिशवीत अख्खं मशीन. त्यांचं जुनं मशीन जळलं, कुणीतरी त्यातलं सगळं या नव्यात घालून दिलं, पण गेम चालेना. गेम घरसंसाराचा आहे. आपण माणसं बनवायची, घर बांधायचं, मग ती माणसं आपली आपण राहतात, जेवतात, झोपतात. हे घर त्यांच्या मुलीने केलं होतं. गेममधल्या त्या घरात या दोघीच, मावशी शिलाई मशीनवर आणि मुलगी खिडकीत. खरी मुलगी आजारात गेली, त्याला बरीच वर्षं झाली. मावशींना गेम खेळता येत नाही. शिवताना बाजूला नुसता चालू ठेवतात, घरात कुणीतरी वावरतंय असं वाटतं म्हणे. आता नव्या मशीनवर घर दिसतं, आई दिसते, आणि मुलगी खोलीत येणार इतक्यात सगळं बंद पडतं.

कधी मिळेल विचारलं. मी म्हटलं, उद्या. मालकांनी चष्म्यावरून बघितलं. त्या गेल्यावर म्हणाले, तुझ्या जिभेला हाड आहे की नाही?

१० नोव्हेंबर

घोडं कुठे पेंड खातंय ते सापडलं. फ्रॉक. मुलीने फ्रॉकचं कापड स्वतः रंगवलं होतं. हिरवं, त्यावर पिवळे ठिपके, मावशींनी शिवलेल्या फ्रॉकवरून; त्यांनीच काल सांगितलं होतं. ते चित्र जुन्या पद्धतीचं, नव्या मशीनला वाचता येत नाही. गेम तिला फ्रॉक घालायला जातो आणि कोसळतो. नीट करायचं तर ती चित्रं एकेक करून नव्या पद्धतीत आणायला हवीत. बसलेली, चालणारी, झोपलेली, वाकलेली, प्रत्येकीचं वेगळं. दोन दिवसांचं बसकाम.

मालक सामान आणायला गेले होते. मावशी यायच्या बेतात होत्या. मी मुलगीच काढून टाकली.

गेम सुरळीत चालू झाला. मग मी नवी मुलगी बनवली. गेममध्ये घरातल्या माणसांचा एक फोटो असतो, त्यावरून तोच चेहरा, तसेच केस, नाव तेच. गेममधला तयार हिरवा फ्रॉक घातला आणि खिडकीत नेऊन बसवली. हे सगळं झाल्यावर डोक्यात आलं की नक्कल घेतलेली नाही. डिस्क फडक्यात गुंडाळून फळीवर तशीच.

मावशींनी स्क्रीनला हात लावला. डोळे पुसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ते नसतं केलं तर बरं झालं असतं. मालकांनी विचारलं, नक्कल ठेवलीस ना. मी हो म्हटलं.

१३ नोव्हेंबर

मावशी आल्या. ठिपके कुठे गेले, विचारत होत्या. मी थाप मारली की नवा स्क्रीन रंग वेगळे दाखवतो. त्यांना पटलं, किंवा पटवून घेतलं. मग म्हणाल्या की त्यातली आई मुलीशी बोलत नाही. मुलगी खिडकीत बसली की मागे उभी राहून बघत बसते, न उठणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तशी.

का ते मला माहीत आहे. नव्या माणसाच्या नात्याचे रकाने कोरे असतात. गेमच्या लेखी या दोघी अनोळखी. मी सांगितलं, रुळतील हळूहळू.

"रुळतील म्हणजे?" मावशी म्हणाल्या. "आई-मुलगी आहेत ना त्या?"

स्क्रू पडल्याचं सोंग करून मी टेबलाखाली वाकलो. बराच वेळ वर आलो नाही.

१५ नोव्हेंबर

भर दुपारी, दुकानात ऊन असताना झालं हे. गाड्यांचा गेम तपासत होतो. वळणावर रस्त्याच्या कडेला एक मुलगी उभी. हिरवा फ्रॉक, पिवळे ठिपके. त्या गेममध्ये माणसंच नाहीत, नुसती झाडं आणि पाट्या. गाडी तिच्याजवळ गेली आणि गेम बंद पडला. मालकांना बोलावून पुन्हा लावला, तर वळण रिकामं. म्हणाले, डोळे धुऊन ये.

चूक झाली की डोळ्यासमोर तेच येतं, हे मलाही कळतं. पण मी तिला ठिपक्यांच्या फ्रॉकमध्ये कधी पाहिलीच नव्हती. जिथे ती दिसणार तिथेच गेम कोसळायचा, आणि फोटोत नुसतं तोंड आहे.

१७ नोव्हेंबर

फुटबॉल. प्रेक्षक म्हणजे रंगवलेला पुठ्ठा, कुणी हलत नाही. एकीनेच मान वळवली. गेम बंद.

चित्रांच्या कोड्याच्या गेममध्ये एका दारात उभी. बंद. ती जिथे जाते तिथे गेमला तिला फ्रॉक घालता येत नाही. तिला राहायला घरच उरलेलं नाही, म्हणून एकेक घर बघत फिरतेय. माझ्यामुळे. प्रत्येक ठिकाणाहून तिला हाकलतात, तेही माझ्यामुळेच.

मावशींना सांगायला गेलो होतो. गल्लीच्या तोंडावरून परत आलो. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता.

१८ नोव्हेंबर

आईला फोन केला. तिने "बोला" म्हटलं. मी म्हटलं, अगं मी. तर जरा थांबली आणि मग हसली, अरे हो हो. कामात होते म्हणाली. जेवलास का, हे विचारलं नाही. ठेवताना पुन्हा "बरं, ठेवा मग."

मला आयुष्यात तिने अहो-जाहो केलेलं नाही.

२० नोव्हेंबर

विमानांचा गेम. ती धावपट्टीवर लांब उभी. मी कुठलंही बटण दाबलं नाही, हात मांडीखाली घेऊन बसलो. ती चालत आली. आली, जवळ आली. पहिल्यांदाच गेम बंद पडला नाही. चेहरा दमलेला. माझ्याकडे बघितलं, आणि पटकन मान खाली घालून डाव्या हाताला चालत गेली, स्क्रीनच्या बाहेर.

बाहेर म्हणजे कुठे?

२२ नोव्हेंबर

आता कुठेच नाही. गाड्या, फुटबॉल, विमानं, सगळं लावून बघितलं. सगळं चालतं. एक गेम पडत नाही. मालक खूष, म्हणाले वावटळ थंडावली वाटतं. जीव भांड्यात पडला. आज झोप लागेल. रविवारी मावशींकडे जाऊन सगळं सांगून टाकणार, नक्की.

२३ नोव्हेंबर

आईचा फोन. म्हणजे मीच केला. आनंदात होती, आवाजच वेगळा. पण मला ओळखत नव्हती. चुकून लागलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलत होती, गोड, मोकळं. मी म्हटलं, आई, मी तुझा मुलगा.

"नाही हो, आम्हाला मुलगा नाही," म्हणाली. "एक मुलगी आहे. बाहेर होती, परवाच घरी आली. दमलीय बिचारी. खिडकीत बसलीय बघा."

विचारलं, काय घातलंय तिने. आईला हसू आलं. लोक काय काय विचारतात, म्हणाली. आणि सांगितलंही.

ठिपके पिवळेच.

२४ नोव्हेंबर

मावशींना सांगितलं. सगळं. नक्कल, फ्रॉक, थापा, आईचा फोन. त्यांनी शिलाई मशीन थांबवलं. मला वाटलं कात्री फेकून मारतील. मारली असती तर बरं. गेममध्ये ती नवी खिडकीत बसली होती. आई तिच्याकडे पाठ करून उभी.

ती आपली नाही हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पण आपली कुठे गेली ते कळत नव्हतं, म्हणाल्या. माझ्या आईविषयी विचारलं. स्वभावाने कशी, रागावते का, पांघरूण घालते का. मी सांगत राहिलो. घालते. रात्री उठून घालते.

त्यांनी खूप वेळ टेप बोटाला गुंडाळला, सोडला.

"मग राहू दे तिला," म्हणाल्या. "एकदा उठवलंस. आता परत नको उठवूस रे."

मी म्हटलं, आणि मी?

त्यांनी मशीन चालू केलं.

२५ नोव्हेंबर

बसमध्ये. मालकांना न सांगता निघालो. आई माझीच आहे. हे काय रकान्यातलं नातं आहे पुसायला — मला समोर बघितलं की ओळखेल. न ओळखून जाते कुठे. मुलीला सांगेन की बाई, माझं चुकलं, पण हे माझं —

तिला कुठे पाठवणार? गेममधल्या खिडकीत ती खोटी बसलीय. मीच बसवलेली.

फोन लावला. कोण बोलतंय म्हणाली. ठेवला.

२६ नोव्हेंबर

घरासमोर. पायरीवर बसून लिहितोय.

दार वाजवलं. आईने उघडलं. केस नीट विंचरलेले, कपाळावरच्या आठ्या गेलेल्या. मी गेल्यापासून इतकी बरी कधी — मी असतानाही नव्हती. कोण पाहिजे, विचारलं. उन्हातून आलात, बसा, पाणी आणते. मला. बसा.

आत खिडकीत ती. तिने मला बघितलं —

मला वाटलं होतं तिचा राग असेल. नाही. ती घाबरली. भिंतीला चिकटली. आई पुढे झाली, तिला पाठीशी घेतलं. माझ्या आणि तिच्या मध्ये उभी राहिली. माझी आई. माझ्यापासून तिला —

"तू ओळखतेस का गं यांना?"

मुलगी रडायला लागली. मी बाहेर आलो.

आतून आवाज येतोय. आई तिची समजूत काढतेय. त्याच शब्दांत — मला काढायची त्याच —

पाणी घेऊन येतेय ती. पावलं ऐकू येतात. एकच वाक्य बोललो तर कदाचित — लहानपणचं काही — ओळखेलही. आणि मग ती मुलगी —

कडी वाजली. सांगतो की चुकलो, दुसऱ्याच घराचं दार वाजवलं, माफ करा, मी आपला रस्ता विचारायला —