फाटकाजवळची चार फावडी

बाबा, दिवसभर शेगडी पेटती ठेवली तर टोपलीभर कोळसा संपतो आणि संध्याकाळी जेमतेम घमेलंभर राख निघते. उरलेलं वजन जातं कुठे, हा प्रश्न शेगडी साफ करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडलेला असतो. उत्तर समजावून सांगायला मला अजूनही आवडतं. कोळशातला कार्बन हवेतल्या प्राणवायूशी जोडला जातो आणि न दिसणारा वायू होऊन निघून जातो. बारा भार कार्बन बत्तीस भार प्राणवायू उचलतो, म्हणजे वर जातो तो वायू चव्वेचाळीस भार. नवं राज्य झालं त्या वर्षांत इथल्या कोळशाच्या इंजिनांनी असा किती वायू सोडला, याचा अंदाज बांधण्याचं काम मी निवृत्तीनंतर हाती घेतलं आहे. रीत सोपी आहे: शेडमधून दिलेला कोळसा घ्यायचा, त्यातली राख आणि ओल वजा करायची, उरलेल्या कार्बनला त्या प्रमाणाने गुणायचं. खामगाव-जलंब फाट्याच्या कागदांपाशी आले आणि हात थांबला. तिथला सगळा कोळसा इंजिनात जळला नव्हता, हे आता एकट्या मला माहीत आहे.

तुम्ही त्या फाट्याच्या गाडीवर इंजिनात कोळसा घालणारे फायरमन होता, ड्रायव्हरच्या परीक्षेला तुमचं नाव गेलेलं. आठवतं ते असं: मी फाटकाजवळच्या आपल्या क्वार्टरच्या ओट्यावर विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसले आहे. गाडी फाटकापाशी हळू होते आणि तुम्ही चार फावडी कोळसा खाली लोटता. फाटक सांभाळणाऱ्या गेटकाकांची बायको, जानेफळकडची गेटकाकू, पदर खोचून तो टोपलीत भरते.

"बाबा, थो कोळसा काऊन टाकता?"

"तिच्या घरी चूल हाये, सरपन नाही. इंजनाले चार फावड्यानं काई फरक पडत नाही. तू आपला अभ्यास कर, मास्तरीनबाई."

थंडीत कोळशाचा हिशेब तपासणारे साहेब घरी आले. तुम्ही ड्यूटीवर होता, आई चहा करत होती. साहेब खाटेवर टेकून म्हणाले, "वहिनी, अजब हाये. एवढ्याशा फाट्यावर इंजन हत्तीसारखं खाऊन राह्यलं." मला कोडं मिळालं. पाटी आणून मी त्यांना समजावलं: रोजच्या फेऱ्या, गुणिले चार फावडी. आई कपबशी घेऊन दारातच थबकली. साहेब हसले. "पोरगी हुशार हाये हो." आई मला त्या दिवशी काही बोलली नाही, तुम्हाला तर कधीच नाही.

महिन्याभरात तुम्हाला इंजिनावरून उतरवून राखेच्या खड्ड्यावर लावलं, परीक्षेतलं नावही गेलं. चुगली गेटकाकांनी केली, असं तुम्ही ठरवून टाकलं. ते दारात येऊन म्हणाले, "मी काई बोललो असन तं माह्या जिभेले कीड पडो, भाऊ." तुम्ही म्हणालात, "पोटात माह्याच कोळशाची भाकर हाये, अन् तोंड वर करून बोलतं बे?" मी आतल्या खोलीत भूगोल पाठ करत होते, मोठ्याने. पुढे ती राख तुमच्या छातीत बसली. तुमच्या मयतीला गेटकाका आले आणि लांब उभे राहिले. कुणी त्यांना पुढे बोलावलं नाही.

माझ्या तक्त्यात 'वाहतूक' आणि 'घरगुती' असे दोन रकाने आहेत. ती चार फावडी मी पहिल्यातून काढून दुसऱ्यात टाकली. एकूण बेरीज तिळभर हलली नाही. इंजिनात जळो की काकूच्या चुलीत, आकाशाला तेवढंच. त्यातलं पुष्कळसं अजून वर आहे आणि माझ्या कुठल्याही गणिताने ते खाली येणार नाही.

गेटकाकांचा मुलगा साखरखेर्ड्याला असतो. निदान त्याला हे पत्र पाठवावं म्हणून पत्ता मिळवला, पाकिटावर लिहिलाही. पाठवणार नाही, हे मला ठाऊक आहे. चुगली मी केली, एवढं एक वाक्य लिहायला मला बारा आणि चव्वेचाळीसपासून सुरुवात करावी लागली.

करून पाहण्याजोगा एक साधा प्रयोग मात्र सांगते. पानाचा चुना पाण्यात कालवून निवळू द्यावा. दोन रिकाम्या बाटल्या घेऊन एक निखाऱ्यांवर थोड्या उंचीवर पालथी धरावी, दुसरीत आपला श्वास फुंकावा. दोन्हींत चुन्याचं निवळ पाणी घालून, बूच लावून हलवावं. पाणी दोन्हींत दुधाळ होतं. मग पाठ फिरवून कुणाला तरी बाटल्यांची जागा बदलायला सांगावं आणि ओळखून दाखवावं: आगीची कोणती, तोंडाची कोणती.