कंट्रोल मी धरते

६ जानेवारी, मंगळवार
बोलणं शिकवणारी बाई आली सकाळी. केळ्याचं चित्र, चावीचं चित्र, गाईचं चित्र. ह्यांना विचारते, "काका, हे काय?" ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तीस वर्षं ट्रॉम्बेला वर्कशॉपात मशिनी खोलल्या-जोडल्या, त्या माणसाला गाय दाखवतात. मी म्हटलं, "केळं. केळं म्हणा ना." बाई म्हणाली, "काकू, तुम्ही नका सांगू. त्यांना वेळ द्या." मला काय, सवय. लग्नापासून ह्यांचं निम्मं बोलणं मीच पुरं करत आले.
दिवाळीत झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. उरलं काय तर "हो" आणि "आयला". "हो" कुठेही येतं. "आयला" बरोबर जागी येतं.
अर्धी चपाती खाल्ली. दिवसभर पंख्याकडे बघणं.

८ जाने., गुरु.
वैशाली आली बोरिवलीहून, सुट्टी टाकून. लॅपटॉपात बापाचं जुनं कॉम्प्युटरचं मशीन भरून आणलंय पोरीने. एम्युलेटर म्हणे. पेटी लागत नाही, नुसतं आत चालतं. ते काळं, रबराच्या बटणांचं, टीव्हीला जोडायचं ते. रविवारी टीव्ही अडवून बसायचे नि मी कावायचे. घर बदललं तेव्हा भंगारवाल्याला मीच दिलं. काही बोलले नाहीत. तेव्हा बोलता येत होतं तरी.
पांढरी स्क्रीन आली. हे खुर्चीत सरळ झाले. डाव्या हाताचं एक बोट, न शोधता, J वर. स्क्रीनवर LOAD.
वै. रडायला लागली. म्हटलं, रडायचं तर बाथरूममध्ये जा, घाबरतील ते.
पुढे अडलं. अवतरणाच्या टिकल्या पाहिजेत, त्याला कंट्रोल आणि P एकदम दाबायचे. ह्यांचा हात एक. तीनदा केलं. "आयला." लॅपटॉप ढकलला. संपलं.
लॅपटॉप ठेवून गेली. म्हणाली, माझ्याकडे ऑफिसचा आहे दुसरा.

११ जाने., रवि.
दुपारी हे झोपलेले. म्हटलं आपण बघू, सातवी झालेय, ABCD येते. L, O, A, D दाबलं. आलं काय, LET oad. पुन्हा केलं, पुन्हा तेच. फोन लावला.
"काय गं, माझं हे ऐकत नाही."
"आई, स्पेलिंग नाही करायचं. त्यात एका बटणात अख्खा शब्द असतो. J म्हणजे LOAD. P म्हणजे PRINT, स्क्रीनवर दाखव."
"मग बटणावर लिहिलं का नाही?"
"जुन्यावर लिहिलेलं. हा आत्ताचा कीबोर्ड आहे ना."
"मग मला कसं कळणार, स्वप्नात?"
एका बटणात अख्खा शब्द. भांडी घासताना तेच डोक्यात. ह्यांना हेच तर पाहिजे.

१२ सोम.
हॉस्पिटलातली कागदी चिकटपट्टी उरलेली. बारीक तुकडे केले, पेनाने शब्द लिहिले, बटणांवर लावले. वै.ने व्हिडिओवर बघितलं.
"आई, नवा आहे गं लॅपटॉप."
"तुझा बाप जुना आहे."
RUN मी T वर लावलं होतं. ह्यांनी बघितलं. नखाने उचकटलं आणि R वर लावलं. एक तुकडा हलवायला पंधरा मिनिटं. मी हात मांडीखाली घेऊन बसले, नाहीतर मीच लावला असता.
मग म्हटलं, "कंट्रोल मी धरते, तुम्ही P दाबा." दाबला. टिकल्या आल्या. माझ्याकडे बघितलं. खूप दिवसांनी असं.

१४ बुध. संक्रांत
सगळी बिल्डिंग तिळगूळ घेऊन. समोरच्या नाईकवहिनी, "मंगलताई, घ्या." मग ह्यांच्याकडे वळून, "तिळगूळ घ्या, गोड..." आणि गप्प. नंतरचे दोघे पण तसेच, "गोड" पर्यंत येऊन घसरले. शेवटी मी म्हटलं, पुरतं बोला की, ऐकायला येतं त्यांना. ह्यांनी लाडू तोंडात टाकला, म्हणाले "हो". सगळे हसले, हे पण.
संध्याकाळी बसलो. P, PRINT आलं. कंट्रोल मी, P त्यांनी, टिकल्या आल्या. त्याच्या पुढे काही नाही. मशीन हुकूम देतं, टिकल्यांच्या आतलं आपण घालायचं. एकेक अक्षर करून. मी म्हटलं, "T घाला, तिळगुळाचा." माझं बोट बाजूला सारलं. वीस मिनिटं बसून राहिले, मग एंटर मारला. मशीनने लुकलुकतं प्रश्नचिन्ह दाखवलं.
ह्यांनी लॅपटॉप मिटला. हळूच, ढकलला नाही.

१७
नाही बसले. चिडचिड.

१८
नाही बसले. बोलणंवाली बाई म्हणते, पेशन्स ठेवा काकू. कुठून आणू ते सांगितलं नाही.

२० मंगळ.
वै.चा फोन. "बाबा बसले का?" म्हटलं बसतील तेव्हा बसतील, रोज विचारू नको. फोन ठेवल्यावर मीच विचारलं ह्यांना. वाट लागली माझ्या पेशन्सची.

२५ रवि.
चहा झाल्यावर स्वतःच टेबलाकडे बोट केलं. P. कंट्रोल मी, P. टिकल्या. बोट चार वेळा सगळ्या बटणांवरून फिरलं. मग एक अक्षर. बारका m.
मंगल असेल. मासे असतील, दिवाळीपासून पथ्य चालू, बांगडा नाही झाला घरात. मनोरी असेल, बहीण आहे ह्यांची तिकडे. "मंगल ना?" अगदी ओठावर आलेलं. जीभ दाताखाली धरली.
पंधरा मिनिटं गेली. मग नाहीच राहवलं. तेवढ्याने काहीतरी छापून तरी येईल म्हणून टिकल्या बंद करायला P कडे हात नेला. ह्यांनी मनगट धरलं.
"थांब."
साफ. शेवटच्या ब सकट.
मी P वरचा हात मागे घेतला. वै.ला पण कळवलं नाही अजून. आत कुकर शिट्ट्या मारतोय, मारू दे. m च्या पुढे तो चौकोन लुकलुकतोय आणि हे बटणांकडे बघतायत. हे लिहितेय ते उजव्या हाताने. डावा कंट्रोलवर आहे, कधी लागेल सांगता येत नाही.