साळूला या

प्रिय साळू,

अक्षर ओळखलंस ना? ओळखून पत्र बाजूला टाकणार असशील तर आधी सोबतची फुलं पाण्यात ठेव आणि मग काय तो राग कर. त्या बिचाऱ्यांनी तुझं काही वाकडं केलेलं नाही.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण रोपांचं दुकान चालू आहे. दिवसभर लोक येतात आणि ‘काहीतरी छानसं द्या’ म्हणतात. मी विचारते, कुणाला द्यायचंय? की झाली पंचाईत. परवा एक गृहस्थ आले, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून बायकोसाठी रोप हवं होतं. तिला कुठला रंग आवडतो विचारलं, तर त्यांनी तिथूनच सासूबाईंना फोन लावला! मी हसू दाबायला ट्रे उचलून मागे गेले. पण इतक्या वर्षांत भेट द्यायला साल्व्हिया कुणी मागितला नव्हता. तो आपला ऑफिसांच्या दारात नि चौकातल्या वर्तुळात लावायचा, ट्रेच्या ट्रे उचलून न्यायचा. बाबा म्हणायचे तेच मीही गिऱ्हाइकांना सांगते, की हे फूल जागेवर बघायचं, तोडलं की संध्याकाळपर्यंत गळतं.

बाबा माळी होते त्या हॉस्पिटलच्या फाटकाजवळचा त्यांचा तो लाल वाफा आठवतो? त्यांच्या मागे मागे आपण दोघी, मी झारी घेऊन आणि तू नुसतीच. केस असे ताठ उभे असायचे तुझे, की साळिंदर म्हणता म्हणता तू साळूच झालीस, खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. एकदा बाबा कुणा डॉक्टरांना फुलाचं नाव सांगत होते, साल्व्हिया, साल्व्हिया. तू ऐकलंस ‘साळूला या’. तुला वाटलं, सगळ्यांनी तुझ्याकडे यावं म्हणून बाबांनी एवढा वाफा लावलाय. त्या दिवशी दुपारभर तू वाफ्याशी पाहुण्यांची वाट बघत बसलीस, आणि कुणीच आलं नाही म्हणून भोकाड पसरलंस. शेवटी बाबा, आई आणि मी, तिघं रांगेने तुझ्याकडे पाहुणे म्हणून आलो. तेव्हापासून आपल्या घरात त्या फुलाचं नाव साळूलाया.

पाहुणचारही त्याच फुलांचा केलास. फूल अलगद उपटायचं आणि मागचं पांढरं टोक चोखायचं. गोडाचा एक थेंब, तोही कळेपर्यंत संपलेला. बाबा ओरडायचे, मधमाश्यांच्या पोटावर पाय देता का गं! आणि आपली पाठ वळली की इकडे तिकडे बघून स्वतःही एखादं चोखायचे. मी पाहिलंय. तूही पाहिलं असणारच.

आता ज्यावर इतकी वर्षं मूग गिळून बसले ते लिहिते. बाबांच्या शेवटच्या आजारात चार महिने मी त्यांच्या उशाशी होते. तू तेव्हा लांबच्या गावी, नोकरी, लहान मूल, मला सगळं कळत होतं आणि तरीही तुझा राग यायचा. तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, ठसका लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी तर पहारेकरीणच झाले. कुणी नुसती संत्र्याची पिशवी आणली तरी त्याच्यावर खेकसायचे. बाबांची जीभ जड झाली होती. दोन दिवस ते एकच पुटपुटत होते, साळूला… या… साळूला… मी म्हटलं, झालं! हगणं-मुतणं काढतेय मी आणि हाका चालल्यात साळूला. तरी तुला फोन केला, की बाबा तुझं नाव घेतायत, ये.

तू आलीस आणि मी अंघोळीला घरी गेले. परत येऊन बघते तर स्टीलच्या पेल्यात साल्व्हियाच्या दहाबारा नुसत्या काड्या आणि लाल फुलांचा सडा बाबांच्या चादरीवर. मग मी काय काय बोलले ते तुला पाठ असेल. माळ्याची मुलगी आणि एवढीही अक्कल नाही? आणायचीच होती तर कुंडी आणायची, दोन तासांत माना टाकणारी भेट काय कामाची, तुझं सगळंच असं, दोन तासांचं. नर्सबाईंसमोर बोलले. तुझी चिमुरडी दाराशी उभी होती, तिच्यासमोर बोलले. तू एकदा बाबांकडे बघितलंस आणि एक अक्षर न बोलता चादर झटकलीस. तुझं गप्प बसणं म्हणजे कबुलीच, असं मी धरून चालले. पाच दिवसांनी बाबा गेले. त्यानंतर अकरा वर्षं ना तू फोन केलास ना मी.

आज दुपारी दुकानात एक मुलगी आली. अठरा-एकोणीस वर्षांची, पाठीला सॅक, केस ताठ. ते बघूनच खरं तर मला कळायला हवं होतं. म्हणाली, मावशी, साळूलायाच्या दहाबारा काड्या द्याल? माझ्या हातातली कात्री हातातच राहिली. ती लाजली, साल्व्हिया हो, आमच्या घरी तसंच म्हणतात. मी दुकानदारीण झाले, दुसरं काय सुचणार! म्हटलं, तोडलेला टिकत नाही बाळा, कुंडी ने. तर म्हणते, मावशी, टिकवायचा नाहीच आहे, चोखायचाय. मग स्टुलावर बसून तिने सगळं सांगितलं. आई महिनाभर अंथरुणात होती, आता उठलीय, पण तोंडाला चव नाही, पुढ्यातलं ताट तसंच परत जातं. उद्या तिचा वाढदिवस. आजोबांनाही असंच झालं होतं, ते साळूलाया, साळूलाया करायचे, सगळ्यांना वाटलं आईला बोलावतायत. एकट्या आईला कळलं, ते फूल मागतायत. हॉस्पिटलसमोरच्या शाळेच्या कुंपणाकडची फुलं आम्ही दोघींनीच तोडली होती. आजोबांनी एकेक करून सगळी चोखली आणि हसले. आईने मला सांगितलेलं, मावशीला कळू द्यायचं नाही, आजोबांना ओरडा बसेल.

साळू, तो शब्द मलाही ठाऊक होता गं. चार महिने उशाशी बसून मला ऐकू आली ती तुझ्या नावाची हाक. त्यांना हवा होता एक थेंब गोड, आणि मी एका फुलावर जळत बसले. तू बोलली असतीस तर मी त्यांच्यावर चिडले असते, म्हणून सगळं तुझ्यावर घेतलंस आणि अकरा वर्षं अंगावर वागवलंस. मी चुकले. तुझ्याशी वाईट वागले. हे मला कुंडीबिंडीच्या आडून म्हणायचं नाही, सरळ म्हणायचंय.

दुकानातली रोपं मी तिला दिली नाहीत. त्यांच्यावर औषध मारलेलं असतं, तोंडात घालायची नसतात. माझ्या गच्चीवर चार कुंड्या आहेत, बाबांच्याच बियांच्या, त्यांना मी कधी औषध लावत नाही. मधमाश्या पोचण्याआधी सकाळी तोडीन म्हटलं, तेव्हा मधाने भरलेली असतात, सातला ये. जाताना लेक तुझी म्हणाली, येते हं मावशी. दुकानातल्या कुठल्याही बाईला म्हणतात तसं म्हणाली की दुसऱ्या अर्थाने, कोण जाणे. इतकी दुकानं सोडून ती इथवर आली, तेव्हा बहुतेक तुझ्यावरच गेलीय, सगळं कळून गप्प बसणारी.

हे पत्र मी फुलांच्या देठांना बांधून तिच्या हाती देणार आहे. आधी फुलं चोख. गोड लागलं तर बरंच, नाही लागलं तरी चोख. आणि मग पोरीला खाली पाठव. तू हे वाचशील तेव्हा मी तिच्यासोबतच येऊन तुझ्या फाटकाशी उभी असेन, हातात कुंडी असेल. तेव्हा आम्ही तिघं आलो होतो, आज मी एकटीच आहे. साळूला या, असं एकदा म्हण, म्हणजे पाहुणी वर येईल.

तुझीच,
ताई